अण्णांची गिटार आणि आमचा कॉम्प्रेसर

फ्रीजमध्यें असतो तो एक, आणि रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्याच्या दुकानांत धडधडतो तो दुसरा. यांखेरीज कॉम्प्रेसर नांवाची तिसरीहि एक वस्तु जगांत आहे, हें आमच्या घरांतील मंडळींस परवांपरवांपर्यंत ठाऊक नव्हतें. ठाऊक झाल्यानें कोणाचें मोठें कल्याण झालें अशांतला भाग नाहीं. उलट तिच्यापायीं आमच्या वडील बंधूंनीं आठ दिवस गिटारीला हात लावला नाहीं, आणि त्या आठ दिवसांत वहिनी आमच्याशीं लागेल तेवढेंच बोलल्या. अपराध सर्वस्वीं आमचा होता. म्हणून त्याची हकीकतहि आम्हींच सांगावी हें बरें.

आमचें कुटुंब अद्यापि एकत्र आहे. पुण्यांत पेठेंतला जुना वाडा पाडून त्या जागीं जी इमारत झाली तिच्या तिसऱ्या मजल्यावर आमचीं समोरासमोर दोन बिऱ्हाडें आहेत. एका बाजूस अण्णा आणि वहिनी, दुसऱ्या बाजूस आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. स्वयंपाक एकच, आणि दारें लागतात तीं रात्रीं निजतांनाच. अण्णा १९७४ सालीं मुंबईस एका बँकेंत लागले. गिरगांवांत खोताच्या वाडींत एक गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थ संध्याकाळीं गिटार शिकवीत असत. अण्णा त्यांच्याकडे जाऊं लागले, आणि तीन वर्षांनीं बदली होऊन पुण्यास आले ते गिटारीची पेटी बगलेंत घेऊनच. तीर्थरूप बाबांना हें रुचलें नाहीं. "शिकायचंच होतं तर हार्मोनियम शिकायची, सतार शिकायची, हें हॉटेलांतलं वाद्य कशाला?" असें ते म्हणाले. परंतु अण्णांचें वाजवणें हॉटेलांतलें नव्हतें. नायलॉनच्या तारा, बोटांचीं नखें आणि आंगठा, एवढ्या सामग्रीवर ते फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश वादकाच्या लहान लहान चिजा वाजवीत. पुढें स्वतः बसविलेल्या दोनतीन नाट्यपदांच्या चालीहि त्यांत आल्या. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं अर्धा तास, असा त्यांचा परिपाठ. बाबा शेवटपर्यंत त्या वाद्याविषयीं चांगलें बोलले नाहींत. मात्र अण्णा परगांवीं गेले म्हणजे "आज घर फार शांत आहे," असें ते म्हणत, आणि तें तक्रारीच्या सुरांत म्हणत.

तीन वर्षांपूर्वीं तारेगाची 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा' ही चीज अण्णांच्या वाजवण्यांतून नाहींशी झाली. तिच्यांत आंगठा खालचे सूर धरतो आणि तीन बोटें एकाच तारेवर एकामागून एक इतक्या त्वरेनें पडत राहतात कीं, ऐकणारास सूर अखंड लांबल्याचा भास व्हावा. हा बोटांचा कंप साधण्यासाठीं वादक वर्षानुवर्षें घोटतात. "हल्लीं बोटं धांवत नाहींत," एवढेंच बोलून अण्णांनीं ती चीज सोडली, आणि वय झालें असें आम्ही सर्व समजलों. सहा महिन्यांनीं त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असतां थरथरूं लागला. डॉक्टरांनीं कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, असें निदान केलें. कमावलेला कंप गेला आणि न मागितलेला कंप आला. हा विकार औषधानें आवरतो, परंतु मागें फिरत नाहीं.

अण्णांचा मुलगा कॅनडांत असतो. निदानानंतर थोड्याच दिवसांत त्याचा आम्हांस फोन आला. "काका, बाबांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवा. मोबाइलवर नको, नीट करा. तुम्हांला जमेल." हें 'तुम्हांला जमेल' आमच्या डोक्यांत गेलें. आम्हीं चौतीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविलें आहे. कंपनसंख्या, अनुनाद, डेसिबल ही आमच्या घरचीच मंडळी. तेव्हां लोक ज्या कामासाठीं पैसे मोजून स्टुडिओंत जातात तें आपण आपल्या मागल्या खोलींत सहज करूं, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें.

मागली खोली म्हणजे अंथरुणें, जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि नातवाची सायकल यांची जागा. सायकल बाहेर काढून आम्हीं मधोमध उभे राहून टाळी वाजविली, तों गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांमधून झण् असा उलट आवाज आला. खोली स्वतःच गाते असें याचा अर्थ. मग दोन भिंतींलगत दोऱ्या बांधून त्यांवर घरांतल्या सगळ्या गोधड्या टांगल्या. तिसऱ्या भिंतीस पुस्तकांचें कपाट होतेंच, आणि पुस्तकांच्या कमीजास्त उंचीमुळें आवाज इकडेतिकडे विखुरतो, हा त्या ग्रंथांचा बऱ्याच वर्षांनीं झालेला पहिला उपयोग. कोपऱ्यांत खालचे सूर सांचतात, म्हणून अण्णांची खुर्ची कोपऱ्यापासून दूर मांडली. चिरंजीवानें बारीक तोंडाचा एक कंडेन्सर मायक्रोफोन, त्याला ४८ व्होल्टांचा दाब पुरवून आवाजाचे आंकडे करणारी एक डबी आणि कान पूर्ण झांकणारे हेडफोन आणून दिले. सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, अशी योजना झाली. पंखा बंद. फ्रीजहि बंद, आणि तो पुन्हां सुरू करण्याचें आम्हीं विसरल्यामुळें दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन लिटर दूध नासलें. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. घरांत पुष्कळ बोलणें झालें आहे.

मायक्रोफोन कोठें ठेवावा? आम्हीं तो प्रथम गिटारीच्या भोंकासमोर ठेवला. आवाज जेथून बाहेर पडतो तेथेंच ठेवावयाचा, असें आमचें सरळ गणित. पण भोंकांतून बाहेर येते ती विशेषेंकरून पोटांतली हवा. ती हवा सेकंदास शंभराच्या आसपास कंपनांवर स्वतःच डोलूं लागते, आणि अण्णांची पांचवी तार ११० कंपनांची. तेव्हां ती तार छेडली कीं ढोलांतून आल्यासारखा गुब्ब असा आवाज येई आणि वरच्या तारा बिचाऱ्या त्याखालीं दडपत. शेवटीं दांडी जेथें अंगाला मिळते त्या बाराव्या पडद्याच्या समोर, एक फुटावर, तोंड जरासें अंगाकडे वळवून मायक्रोफोन ठेवला, तेव्हां तार, लांकूड आणि नखाचा बारीक स्पर्श यांचें प्रमाण जुळलें. हें शोधण्यांत दोन रात्री गेल्या. वाचकांपैकीं कोणास घरीं असा उद्योग करावयाचा असेल तर त्यानें यंत्रांपेक्षां या दोन रात्रींवर अधिक भरंवसा ठेवावा. जागा चुकली तर पुढें कोणतेंहि बटन ती दुरुस्त करीत नाहीं.

रात्री म्हटलें तें मुद्दाम. आमची पहिली घोडचूक तीच होती. अण्णांची सकाळची गोळी आठ वाजतां असते. ती घेतल्यावर पाऊण तासानें हात निवळतो आणि दोनअडीच तास बरा राहतो. पण ती वेळ म्हणजे रिक्षांची, शाळेच्या गाड्यांची, भाजीवाल्याच्या आरोळ्यांची आणि आमच्याच कुकरच्या शिट्यांची. उलट रात्रीं अकरानंतर पेठ निजते, पण अण्णांचा हातहि दिवसभराचा शिणलेला असतो. शांत खोली घ्यावी कीं शांत हात घ्यावा? आमच्यांतल्या प्राध्यापकानें खोली घेतली. अण्णा कांहीं बोलले नाहींत. रात्रीं सव्वाअकराला त्यांनीं तारेगाची 'लाग्रिमा' ही लहानशी चीज वाजविली, दोनदां वाजविली, आणि निजावयास गेले. आम्ही मात्र लॅपटॉप उघडून बसलों.

ऐकूं लागलों तों कांहीं सूर मोठे, कांहीं अगदीं हळू. आंगठ्याचा पहिला ठोका दणकट, मागून येणारी चाल नाजूक. मधूनच एखादा सूर नीट न लागलेला. पुतण्या हें आगगाडींत बसून, कानांत बोंडें घालून ऐकणार. त्याला हळू सूर ऐकूं कसे येणार? येथें कॉम्प्रेसर आमच्या मदतीस आला.

मोठा आवाज आवरण्याची विद्या तशी जुनी आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या तबकड्या घेतल्या तेव्हां मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. आणि कर्ण्याच्या त्या काळांत चढा सूर लावतांना गाणारास मागें सरावें लागे, नाहींतर मुद्रण बिघडे. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनानें मुद्रण होऊं लागलें, आणि गिटारीसारख्या हळू बोलणाऱ्या वाद्याचें भाग्य उजळलें. सेगोव्हियानें १९२७ सालीं लंडनमध्यें दिलेल्या तबकड्या आजहि ऐकावयास मिळतात. पुढें नभोवाणीच्या यंत्रांस अवचित आलेला मोठा आवाज सोसेना, म्हणून १९३० नंतरच्या दशकांत आवाजाला आपोआप लगाम घालणारीं यंत्रें तयार झालीं. तीं मग मुद्रणशाळांतहि शिरलीं. १९६७ सालचें बिल पुटनम यांचें '११७६' हें त्यांतलें विख्यात. आज अशा यंत्रांच्या प्रतिकृति लॅपटॉपच्या पडद्यावर बटनांसकट उमटतात आणि आमच्यासारख्यांच्या हातीं सांपडतात.

त्यांचें काम एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास समजण्यास कठीण नाहीं. आमच्या लहानपणीं पंगतींत मुलांचा गलबला एका मर्यादेपलीकडे गेला कीं आजोबा घसा खांकरीत. ती मर्यादा म्हणजे या यंत्राचा उंबरठा. किती दाबावयाचें तें प्रमाण. खांकरण्यापूर्वीं किती वेळ जाऊं द्यावयाचा तो अटॅक. आणि गलबला थांबल्यावर किती वेळानें कपाळावरची आंठी सोडावयाची तो रिलीज. मुलें गप्प झालीं म्हणजे एक निराळीच गोष्ट होई. माजघरांत चाललेली बायकांची कुजबूज, जी गलबल्यांत कोणाच्या गांवींहि नसे, ती शब्दन् शब्द ऐकूं येई. कॉम्प्रेसरांतहि हेंच घडतें, किंबहुना अधिक घडतें. कारण मोठे आवाज दाबल्यावर एकंदर मुद्रण हळू होतें, म्हणून सगळेंच उचलून वर आणावें लागतें. त्याबरोबर कुजबूजहि वर येते.

हें आम्हांस ठाऊक नव्हतें काय? पुरतें ठाऊक होतें. तरीहि रात्रीं एक वाजतां, एकट्यानें, पडद्यावरची सुई हलतांना पाहून जो मोह होतो तो झाला. उंबरठा शून्याखालीं २४ डेसिबलांवर ठेवला, प्रमाण चारास एक. आंगठ्याचा ठोका १२ डेसिबलांनीं उंबरठा ओलांडीत असे, तो आतां तीनच ओलांडूं लागला. म्हणजे नऊ कापले गेले. तेवढी भर सरसकट सर्व मुद्रणास घातली. नऊ डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची सुमारें २.८ पट. अटॅक सेकंदाच्या सहस्रांशाइतका त्वरित ठेवल्यामुळें नखानें तार सुटतांना जो क्षणिक टणत्कार होतो तोहि कचाट्यांत सांपडला. रिलीजहि तसाच उतावळा, ५० सहस्रांश. सगळे सूर एका उंचीचे झाले. लग्नाच्या पत्रिकेंतल्या छापील अक्षरांसारखे. आम्हीं समाधानानें लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशीं चहानंतर अण्णांच्या कानांवर हेडफोन चढविले. ते डोळे मिटून ऐकूं लागले. 'लाग्रिमा'चा पहिला भाग परत घेण्यापूर्वीं ते क्षणभर थांबतात. ती त्यांची जुनी संवय. त्या जागीं त्यांनीं डोळे उघडले. "हें टकटक काय आहे रे?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं वर्गांत उत्तर द्यावें तसें उत्तर दिलें. "अण्णा, तें तुमचं नख आहे. हात थांबला कीं थरथरतो ना, तेव्हां तारेला लागतं."

हा विकारच असा आहे. हात कामांत असतो तोंवर कंप पुष्कळदां दबतो. हात विसांवला कीं उठतो. अण्णा वाजवीत असत तेव्हां कंप नसे. सुरांमधल्या विसांव्यांत तो येई, आणि तारांवर अलगद टेकलेलें नख तारेला दोनतीनदां लागे. खोलींत बसून ती टकटक आम्हीं कधीं ऐकली नव्हती. अण्णांनींहि ऐकली नसावी. आमच्या यंत्रानें ठोका दाबून विसांवा तेवढा २.८ पट मोठा केला होता. अण्णांनीं हेडफोन काढले, त्यांची दोरी नीट गुंडाळली, "असं होय," एवढें बोलून ते आपल्या खोलींत गेले. त्या रात्रीं जेवणानंतर गिटार निघाली नाहीं. दुसऱ्या रात्रींहि नाहीं. आठ दिवस घर शांत होतें, आणि बाबांची ती तक्रार आम्हांस रोज आठवत होती.

आठव्या दिवशीं वहिनी आमच्या टेबलाशीं येऊन उभ्या राहिल्या. "मला ऐकवा बघूं काय केलंय तें." आम्हीं ऐकविलें. त्या उभ्या उभ्याच शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"भावजी, आंकडे मला कळत नाहींत," त्या म्हणाल्या, "पण ह्यांचा आंगठा कुठं गेला? पंचेचाळीस वर्षं मी स्वयंपाकघरांतून ऐकतेय. कुठलंहि गाणं असो, पहिला आंगठा जोरांत पडतो, मग बोटं हळू. भिंतीपलीकडे मला तो आंगठाच तेवढा येतो. त्यावरून मी ओळखते, आज स्वारी खूष आहे कीं नाहीं तें. यांत सगळं एकसारखंच आहे. आणि जें मी घरांत कधीं ऐकलं नाहीं तें मात्र मोठं केलंय तुम्हीं."

भिंतींतून खालचे सूर अधिक पार होतात आणि वरचे अडतात, हें आम्हीं चौतीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. त्या नियमावर या घरांत कोणीतरी पंचेचाळीस वर्षें आपल्या नवऱ्याचें मन ओळखीत होतें, हें आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. आम्हीं आजार झांकावयास निघालों होतों. झांकला गेला तो अण्णांचा हात, आणि आजार तेवढा पुढें आला. आम्हीं वहिनींदेखत तें मुद्रण पुसून टाकलें. मूळचें, न आवळलेलें, तेवढें ठेविलें.

अण्णांची समजूत कशी घालावी हा आम्हांस प्रश्न पडला होता. वहिनींना पडला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गोळीनंतर त्यांनीं पेटींतून गिटार काढून त्यांच्या पलंगावर ठेवली आणि "नातवाची गाडी येईपर्यंत वाजवा, मला पोळ्या करायच्या आहेत," असें सांगून त्या निघून गेल्या. पांच मिनिटांनीं तारा लावण्याचा आवाज आला. आम्ही तेव्हां अण्णांच्या खोलींत गेलों आणि "चूक माझी झाली," असें म्हणालों. त्यावर त्यांनीं "ती चौथी तार उतरलीय का बघ," म्हटलें. भावाभावांत एवढ्यानें भागतें.

पुढल्या गुरुवारीं सकाळीं नऊ वाजतां आम्हीं पुन्हां बसलों. रिक्षांना उपाय नव्हता. खिडकीवर आणखी दोन गोधड्या चढविल्या. एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. पूर्वीं विसांव्याच्या जागीं अण्णांचीं बोटें तारांवरच राहत. आतां ते हात उचलून तारांपासून चार बोटें दूर नेत होते. हात तेथेंहि थरथरे, पण नखाला लागावयास कांहीं नव्हतें. ही युक्ति त्यांस कोणी सांगितलेली नव्हती. आमच्या त्या निर्दय मुद्रणांतूनच त्यांनीं ती घेतली होती, आणि याचें श्रेय आम्हांस देण्याइतके ते उदार आहेत. आम्हीं तें घेतलेलें नाहीं.

मुद्रण झाल्यावर कॉम्प्रेसर आम्हीं मुळींच लावला नाहीं असें नाहीं. आगगाडींतल्या श्रोत्याची अडचण खरीच होती. प्रथम जेथें चाल फारच हळू होती तेथें हातानेंच आवाज थोडा वर घेतला, सुरामागून सूर, कर्ण्यापुढें पुढेंमागें सरणाऱ्या गायिकेच्या रीतीनें. तें काम दोन संध्याकाळींचें झालें. मग उंबरठा इतका वर ठेविला कीं फक्त दणकट ठोकेच त्याला शिवावेत; प्रमाण दोनास एक; अटॅक ३० सहस्रांश, म्हणजे तार सुटतांनाचा टणत्कार आणि आंगठ्याचा पहिला भार निसटून जावा; रिलीज सावकाश. दोनतीन डेसिबलांपलीकडे कोठेंहि कापलें नाहीं. हें झाल्यावर आम्हीं एक परीक्षा केली. लॅपटॉपला खोलींतला मोठा स्पीकर जोडला, दार लोटून घेतलें, आणि वहिनींना स्वयंपाकघरांत उभें केलें. त्या कणिक मळीत ऐकत राहिल्या. "आंगठा आला," त्या म्हणाल्या. "आणि आज बरे आहेत."

पुतण्याला मुद्रण पाठविलें. तो फार बोलणारा मुलगा नाहीं. दोन दिवसांनीं त्याचा फोन आला तेव्हां त्यानें तेंच पुन्हां एकदां लावून आम्हांस ऐकविलें, जणूं आम्हीं तें ऐकलेंच नव्हतें. शेवटचा सूर विरल्यावर अण्णांचा "झालं?" असा प्रश्न आहे, आणि त्याच्या पाठोपाठ कुकरची एक लांब शिटी. शिटी कापतां आली असती. आम्हीं तसें त्याला विचारलें. "राहूं द्या हो काका," तो म्हणाला.

नाट्यपदाची एक चाल अजून घ्यावयाची आहे. येत्या गुरुवारीं सकाळीं ती घेऊं. तोंवर कोणीं गोधड्या दोरीवरून काढूं नयेत, आणि फ्रीज पुन्हां सुरू करण्याची आठवण आम्हांस कोणीतरी करावी, असें घरांत सांगून ठेविलें आहे.